टाकळखेड्याचं रिकामं पेव

१

पेवात सोडलेला कंदील विझला नाही, तेव्हाच चोरी उघडकीला आली होती. पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. उलट माणसं खूश झाली.

"हवा लय चांगली हाय औंदा," सटवाजी म्हणाला, आणि कमरेला दोर बांधू लागला.

पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेली धान्याची कोठी. तोंड माणूस कसाबसा उतरेल एवढं, आत खोलीएवढी जागा. बाजूंना कडब्याचं अस्तर लावायचं, ज्वारी भरायची, तोंडावर दगड ठेवायचा आणि शेणमातीनं लिंपून टाकायचं. कोंडलेली ज्वारी आतली हवा मारून टाकते. त्या हवेनं दरसाल कुठं ना कुठं एखादा घाईचा माणूस मरतो. म्हणून आधी कंदील सोडायचा. विझला तर घोंगड्यांनी वारा घालायचा आणि पुन्हा सोडायचा. मागल्या साली याच पेवानं तीनदा कंदील खाल्ला होता.

हे पेव कुणा एकाच्या मालकीचं नव्हतं. वालूरपासून दोन कोसांवरच्या या टाकळखेड्यात त्याला शिकणाऱ्याचं पेव म्हणत. सुताराला, लोहाराला खळ्यावर बलुतं मिळतं, तसं गावातल्या शिकणाऱ्या पोरालाही मिळायचं. रास मोजून झाली की प्रत्येक खळ्यावरून सूपभर ज्वारी या पेवात. ही रीत पाडली पाटलाच्या थोरल्या बहिणीनं, कडूबाईनं. ती म्हणाली होती, "फाळ लावणाऱ्याला देता. मग सरकारचा कागद वाचणाऱ्याला कामून देत न्हाईत? कागदानं गेलेली जमीन फाळानं वापस येते का?"

शिकणाऱ्याला मदत करणं म्हणजे त्याच्यावर उपकार, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. टाकळखेड्यानं कुणावर उपकार केला नव्हता. गावानं माणूस कामाला लावला होता.

पहिला बलुतेदार लिंबाजी. तो शिकून आता हैदराबादेत वकिलाच्या हाताखाली होता. दुसरा मुंजाजी. गोजरबाईचा एकुलता एक. बाप नाही, दोन एकर माळ, आई दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायची. पोरगा मॅट्रिकला असा पास झाला की सरकारी वजीफा, म्हणजे शिष्यवृत्ती मिळाली. पण वजीफा फीपुरता. औरंगाबादच्या बोर्डिंगचं जेवण, पुस्तकं, दिवाबत्ती ही वरची भर आगाऊ भरल्याशिवाय नाव लागत नव्हतं. सोमवारपर्यंत नाव लागलं नाही तर जागा जाणार, आणि जागेबरोबर वजीफाही. ती वरची भर या पेवात होती.

पेव उघडताना शेजारच्या गावचा एक माणूस साक्षीला बोलवायचा, अशी रीत. या साली चंद्रभान जमादार आला होता. एकेकाळी निजामाच्या पोलिसात जमादार. खोट्या पंचनाम्यावर सही करीना म्हणून नोकरी गेली, हुद्दा मात्र लोकांनी काढून घेतला नाही. तो पेवाच्या काठावर बसला होता, फोडलेल्या लिंपणाचं एक ढेकूळ हातात खेळवत.

पेवाचे पंच तिघे. भुजंगराव पाटील, पेवात उतरणारा सटवाजी, आणि ज्वारी विकत घेणारा वैजीनाथ सावजी. मुंजाजी दाभण आणि सुतळी घेऊन पोती शिवायला तयार उभा होता.

"सावजी, बारदान कुठाय?" त्यानं विचारलं.

"येतंय मागून," वैजीनाथ म्हणाला आणि छत्रीच्या टोकानं माती उकरत राहिला.

सटवाजी उतरला. वरच्यांना फक्त ताणलेला दोर दिसत होता. मग आतून आवाज आला, घागरीतून आल्यासारखा.

"पाटील, हितं कायच न्हाई."

"काय न्हाई?"

"ज्वारी न्हाई. निस्ता कडबा हाय."

मुंजाजीच्या हातातलं दाभण पडलं आणि तो होता तिथंच खाली बसला. लिंबाखाली बायका उभ्या होत्या. त्यातून गोजरबाई पुढं आली. तिनं दाभण उचललं, पदरानं पुसलं आणि पोराच्या हातात दिलं.

"हरवंल," ती म्हणाली. "संगं ठिव."

जमादारानं हे पाहिलं. पोराची जागा गेली होती, आणि त्याची आई दाभण सांभाळत होती.

२

कुणी कुणावर ओरडायच्या आत घुंगरांचा आवाज आला. घोड्यावर महसुलाचा गिरदावर, मागं दोन शिपाई, आणि त्यांच्या मागं तीन बैलगाड्या. तिन्ही रिकाम्या.

लढाईचे दिवस होते. सरकारनं लेव्ही बसवली होती. सरकार ठरवील तेवढं धान्य, सरकार ठरवील त्या भावानं घालायचं. कागदावर हे उपाशी शहरांसाठी होतं. वाटेत ते किती जणांच्या घरी उतरायचं, ते विचारणारा कोणी नव्हता.

"क्या पाटील," गिरदावर घोड्यावरूनच म्हणाला, "वो पढनेवाले का पेव आज खुला ना? माल किधर है?"

भुजंगरावांनी नुसतं पेवाकडं बोट दाखवलं. गिरदावर उतरला, वाकून बघितलं. त्याचा चेहरा असा झाला की ज्वारी त्यानं नेलेली नाही याबद्दल कुणाला शंका राहिली नाही. मग तो चिडला. गावानं माल दडवला, घरं झडतो म्हणाला.

"झडा की," पुरुष म्हणाले. त्यांनी हाताच्या घड्या घातल्या. ज्यांचा माल गेलाय त्यांना झडतीची कसली भीती.

बायका मात्र लिंबाखालून हलल्या. बघता बघता एकेक बाई आपापल्या उंबऱ्यावर जाऊन उभी राहिली. गुडघ्यानं हैराण असलेली कडूबाईसुद्धा. जमादार हेही बघत होता.

एवढ्यात मुंजाजी उठला. डोळे लाल होते, पण आवाज सरळ होता.

"साहब, हुकुम दिखाइए."

गिरदावर हसला. पाच-सहा गावांत त्यानं तो कागद नुसता हवेत हलवून घरं झडली होती. इथंही त्यानं तो हलवला. मुंजाजीनं हात पुढं केला तो मागं घेतला नाही. सगळ्या गावासमोर किती वेळ कागद हलवणार? शेवटी दिला. पोरानं तो फारसी वळणाचा मजकूर खडाखडा वाचला, पुन्हा एकदा वाचला, आणि घडी घालून परत केला.

"इसमें पेव लिखा है, साहब. घर नहीं लिखा."

"तू कौन रे?"

"गाँव का बलुतेदार."

उंबऱ्यांवरच्या बायकांनी श्वास सोडला. टाकळखेड्यानं पेरलेलं सूप-सूप धान्य त्या एका वाक्यात वसूल झालं. पण गिरदावरही कच्चा नव्हता. घोड्यावर बसता बसता म्हणाला, "कल घर का हुकुम लाता हूँ." आणि गेला. गाड्या आल्या तशा रिकाम्या गेल्या.

भुजंगराव जमादाराकडं वळले.

"चोर हुडका, जमादार. सांजच्या आत."

"एक न्हाई, दोन हुडकायचेत," जमादार म्हणाला. "ज्वारी कुणी नेली, आन् गाड्या कुणी बोलावल्या. गिरदावराला आज पेव उघडणार हे ठाऊक होतं. ज्यानं ज्वारी नेली तो रिकाम्या पेवावर गाड्या कशाला बोलावतो?"

३

सटवाजी चावडीच्या पायरीवर डोकं धरून बसला होता. गावाची पहिली बोटं त्याच्याकडंच वळली होती. पेवात उतरणारा तोच, लिंपणाराही तोच.

"कवा लिंपलंस?" जमादारानं विचारलं.

"होळीच्या आदी. मपल्या हातानं."

जमादारानं खिशातून ते ढेकूळ काढलं. वरच्या बाजूला हाताच्या बोटांच्या कमानी उमटल्या होत्या, सारवलेल्या अंगणात असतात तशा.

"तू हातानं लिंपतोस?"

सटवाजीनं ढेकूळ घेतलं. मान वर केली तेव्हा त्याचा रंग उतरला होता.

"मी थापी मारतो, जमादार. हे मपलं न्हाई."

"मग फोडताना बगितलं कसं न्हाई?"

"सारवल्यालं कोण बगतंय वो? जन्मल्यापून पायाखाली तेच हाय."

खरं होतं. पेवाभोवती शंभर डोळे होते आणि त्या कमानी प्रत्येकाला दिसल्या होत्या. पुरुष रोज त्यावरूनच चालतात. ज्या गोष्टीवर पाय पडतो तिच्याकडं नजर जात नाही.

जमादारानं ढेकूळ मोडलं. आत वाळलेली, करड्या रंगाची बारीक फुलं होती.

"हे कशाचं फूल?"

"लिंबाचं."

"होळीच्या आदी लिंब फुलतो का?"

सटवाजीनं बोटांवर महिने मोजले. "म्हंजी चैताच्या फुडं कुणीतरी दगड काढला. आन् म्हणूनच कंदील..."

"व्हय. ज्वारी आसती तर कंदील इझला आसता. तू खाली उतरायच्या आदीच त्यो कंदील सांगत होता, पेव रिकामं हाय म्हणून. आपण म्हणालो, हवा चांगली हाय." जमादारानं फुलं मुठीत झाकली. "चैताच्या फुडं सगळे गडी गावाबाहेर कवा होते?"

"सगळे? पोखर्णीला. नरसिंहाच्या जयंतीला. पार सांज करून आलो."

"बायका?"

"औंदा एक बी आली न्हाई. कुणाची म्हैस यायला झालती, कुणाचं काय. आमी लय हसलो, औंदा देवापुढं निस्ते गडीच म्हणून."

जमादार हसला नाही.

भुजंगराव पाटलांना त्यानं आडून विचारलं नाही. "तुमचा बन्सीधर तीनदा मॅट्रिकला बसला. गोजरबाईच्या पोराला बलुतं देताना पोटात दुखलं न्हाई का?"

"दुखलं," पाटील म्हणाले. "कामून दुखू नये? बाप हाव. पण खळ्यावर सूप घालताना वरून आणखी ओंजळ घातली. दुखत हुतं म्हणून घातली. नसता माणूस म्हणून घ्यायच्या लायक राहिलो नसतो." मग म्हणाले, "बन्सीधरनं सोताच्या चपला दिल्यात मुंजाजीला. औरंगाबादेत अनवाणी फिरू नको म्हणला."

असं बोलणारा माणूस चोर निघाला असता तर जमादारानं चोर हुडकणंच सोडलं असतं.

"आजचा दिवस कुणी ठरवला?"

"आमी तिघांनी. परवा. गावाला आज सकाळी कळलं."

राहिला वैजीनाथ. तो घरी ओसरीवर पान लावत होता. बारदानाचं विचारताच म्हणाला, "गाडीचा आख मोडला बघा. बारदान आलंच नाही." अंगणात गाडी उभी होती. दोन्ही चाकं जमिनीवर, आख धड. ओसरीच्या कोपऱ्यात घडी घातलेल्या पोत्यांचा गठ्ठा होता, सुतळीनं आवळून बांधलेला. ही गाठ आज कुणी सोडली नव्हती.

सावजीची बायको सुमनबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. तांब्या ठेवताना पाणी हिंदकळलं.

"जमादार," तिनं हळूच विचारलं, "पोराची जागा जाईल का वो?"

वैजीनाथनं पानावरून नजर उचलली. ती लगेच आत गेली. जमादार पाणी प्यायला आणि उठला. आता त्याला सगळं ठाऊक होतं, आणि एक गोष्ट जरा जास्तच ठाऊक झाली होती.

४

कडूबाईच्या घरी तो गेला तेव्हा सात-आठ बाया आधीच बसल्या होत्या. गोजरबाई जात्यापाशी होती. जमादारानं वाळलेली फुलं उंबऱ्यावर ठेवली.

"आक्का, नरसिंहाला न्हाई गेलात औंदा."

"गुडघा," कडूबाई म्हणाली.

"मगाशी गिरदावरानं घरं झडतो म्हणलं, तवा गुडघा लय पळाला."

कोणीतरी पदरात हसू दाबलं. कडूबाईनं फुलांकडं बघितलं, मग जमादाराकडं.

"पोलिसाची जात," ती म्हणाली. "बस. च्या पितोस का?"

"आदी सांगा. ज्वारी घराघरात हाय ना?"

"हाय. ज्या खळ्यावरून जेवढं सूप आलतं, तेवढं त्या घरात. ज्याच्या त्याच्या कणगीत, वर घरची ज्वारी. एक दाणा दळला न्हाई. लेकरं उपाशी निजली तवा बी न्हाई."

"पेवात कोण उतरलं?"

"मी," गोजरबाई म्हणाली. "दोनदा कंदील इझला. बाया घोंगड्यांनी वारं घालायल्या. धुरपता म्हणली, जळू दे ती ज्वारी, तू मरशील. मी म्हणलं, माझं लेकरू एकटंच हाय का त्या ज्वारीवर? ह्याच्या मागनं जे शिकणार ते बी हाय. तिसऱ्यांदा जळला. मग उतरले."

पोलिसात असताना जमादारानं बहादुरीची बक्षिसं घेणारी माणसं पुष्कळ बघितली होती. त्यांतला एकही या बाईच्या दोराला हात लावायच्या लायकीचा नव्हता.

"मुंजाजीला तरी सांगायचं. पोरगं रडलं."

"रडू दे," गोजरबाई म्हणाली. "त्याला ठाऊक आसतं तर गिरदावराला त्याच्या तोंडावर दिसलं नसतं का? खरं वाटायला पायजे हुतं."

"आन् गड्यांना कामून न्हाई सांगितलं?"

कडूबाई शब्द मोजून बोलावं तशी म्हणाली, "पंचातला एक फितूर हाय, हे आमाला चैतातल्या हळदीकुंकवाला कळलं. गड्यांना सांगितलं आसतं तर, कुणी सांगितलं, हे बी सांगावं लागलं आसतं. तिला त्याच घरात जन्म काढायचाय."

जमादाराच्या डोळ्यांपुढं हिंदकळलेला तांब्या आला.

"मी इचारत न्हाई," तो उठत म्हणाला. "कुणालाच इचारायची पाळी येणार न्हाई, अशी करतो. फक्त मी बोलावलं की सुपं घेऊन या. आन् सगळ्याच या."

५

चावडीपुढं गाव जमला. उन्हं कलली होती. उद्या गिरदावर घरांचा हुकूम घेऊन येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"ज्वारी गावातच हाय," जमादार म्हणाला, आणि कंदील, फुलं, बोटांच्या कमानी असं एकेक सांगत गेला. पुरुष ऐकत होते आणि एकमेकांकडं बघायचं टाळत होते. पोखर्णीला ते किती हसले होते हे त्यांना आठवत होतं.

"पण बायांना कळलं कसं, गाड्या येणार म्हणून?" वैजीनाथनं विचारलं. आवाज साधा होता, पण नजर बायकांवरून फिरत होती. हाच प्रश्न तो विचारणार, हे जमादाराला ठाऊक होतं.

"आजूबाजूची पेवं लेव्हीनं नेली हे कुणाला ठाऊक न्हाई? बायांनी धसका घेतला, एवढंच. पण सावजी, गाड्या कुणी बोलावल्या हे मला कळलं ते तुमच्याकडनं."

"माझ्याकडनं?"

"तुमी ज्वारी घ्यायला आलात आन् बारदान आणलं न्हाई."

"आख मोडला म्हणलं ना."

"गाडी तुमच्या अंगणात दोन्ही चाकांवर उभी हाय. बारदान ओसरीत बांधून ठिवलंय." जमादार त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. "लढाईत बारदान महागलं. ज्वारी गिरदावराच्या गाडीत गेली आसती, आन् तिच्यासंगं तुमची पोती बी. ज्वारी गावाची हुती, ती गेली तर गेली. पोती तुमची. एवढाच जीव आडकला, सावजी. पेव रिकामं हाय हे तवा कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी बारदान लागणार न्हाई, हे तुमाला ठाऊक हुतं."

वैजीनाथ छत्री सावरत एक पाऊल मागं सरला.

"कामून, सावजी?" भुजंगरावांनी विचारलं.

उत्तर अख्ख्या गावाला ठाऊक होतं. वालूरला सरकारी धान्याचं दुकान निघणार होतं आणि ते देणं गिरदावराच्या हातात होतं. शिवाय लिंबाजी शिकून आल्यापासून माणसं सावजीच्या कागदावर अंगठा उठवण्याआधी तो वाचून घ्यायला लागली होती. गावात आणखी एक वाचणारा तयार झाला असता तर सावजीचा अर्धा धंदा बसला असता. गरिबाचं पोर शिकू नये असं उघड कोणी म्हणत नाही. पोराला वरची भर कमी पडेल एवढी तजवीज करायची, की झालं. हे सगळीकडं असंच चालतं, आणि करणारे देवळात पुढं बसतात.

पोरं वैजीनाथकडं सरकली. जमादारानं हात आडवा केला.

"हात लावू नका. ह्याचं काम आजून बाकी हाय. सावजी, बारदान आणा. आजच्या आज, मोंढ्याच्या बाजारभावानं, रोख. ज्वारी तुमी घ्यायचीय."

"आता? उद्या गिरदावर—"

"म्हणून तर आता. आज रातीपासून ती ज्वारी सावजीची. उद्या गिरदावराला सांगायचं का न्हाई, तुमचं तुमी बगा."

आधी पाटील हसले. मग हसू चावडीभर पसरलं. वैजीनाथला कळायला जरा वेळ लागला, आणि कळल्यावर तो गुमान घराकडं पोती आणायला गेला.

मग बायका आल्या. कडूबाई पुढं, मागं गोजरबाई, धुरपताबाई, आणि घरटी एक सूप. ज्वारीची रास चावडीपुढं चढत गेली. सटवाजी मापानं मोजत होता आणि मोजता मोजता थांबला.

"आक्का, ही होळीला भरली त्याच्याहून जास्त भरायली."

"पेवात भिताडाच्या कडंची ज्वारी काळी पडते," कडूबाई म्हणाली. "ती खोट घरच्या ज्वारीनं भरून काढली. शिकणाऱ्याला काय काळी ज्वारी द्यायची?"

शेवटचं सूप सुमनबाईचं होतं. सावजीच्या घराला शेत होतं, खळंही होतं. त्या खळ्यावरूनही सूप आलं होतं, म्हणून कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही. नवरा बारदानाची घडी उलगडत होता. ती त्याच्या शेजारून गेली, सूप राशीवर उपडं केलं आणि रिकामं सूप झटकून उभी राहिली. जमादार तेवढ्यापुरता दुसरीकडं बघत होता.

सावजीनं रोख पैसे मोजले आणि मुंजाजीनं पोती शिवली. आईनं पुसून दिलेल्या दाभणानं. दुसऱ्या दिवशी पहाटे बन्सीधर त्याला सेलूच्या स्टेशनावर सोडायला गेला, आणि मुंजाजीच्या पायांत बन्सीधरच्या चपला होत्या.

गिरदावर दुपारी आला. घरांचा हुकूम होता, तो या वेळी पाटलानं स्वतःच मागितला आणि गावाला वाचून दाखवायला कोणी नाही म्हणून कपाळाला लावून परत दिला. घरोघर खायपुरती ज्वारी निघाली. शिवलेली, नवी, भरलेली पोती फक्त एका घरी निघाली. गिरदावरानं ती गाड्यांत घातली, सरकारी भावानं. बारदानासकट.

त्या दिवशी वैजीनाथ न जेवता ओसरीवर बसून राहिला. सुमनबाईनं ताट झाकून ठेवलं.

"गावात कुणीतरी बोललं," तो म्हणाला. "नसता त्या जमादाराला काय कळणार होतं? कुणी सांगितलं असंल?"

सुमनबाई चुलीपुढची राख सारत होती. तिनं मान वर केली नाही.

"तुमी पोती नेली न्हाईत," ती म्हणाली. "त्याच्यावरनं कळलं."